सेंट किल्डा: सहा दिवसांतला एक

गुरुवार

ग्लासगोतून पहाटे पाचला निघालो तेव्हा लख्ख उजाडलेलं होतं. जूनचा शेवटचा आठवडा. इथे या दिवसांत रात्र नावापुरतीच होते. गाडी भाची चालवत होती. ती दोन वर्षांपासून ग्लासगोत शिकते. मी येणार म्हटल्यावर तिने एडिंबराचा किल्ला, लॉख नेस, सगळं आखून ठेवलं होतं. मी तिला एकच नाव सांगितलं: सेंट किल्डा.

"मावशी, तिथे गाव नाही, झाड नाही, दुकान नाही. आणि बोट सुटेलच याचीही खात्री नाही."

"म्हणून तर सहा दिवस हाताशी ठेवलेत."

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे. त्या माळेतल्या नॉर्थ युइस्टपासून आणखी ६४ किलोमीटर पश्चिमेला, उघड्या अटलांटिकमध्ये, सेंट किल्डाचा पुंजका आहे. हिर्टा, सोए, डून आणि बोरेरे ही चार बेटं आणि त्यांच्या आसपास पाण्यातून सरळ वर आलेले सुळके. साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीचं हे उरलंसुरलं. किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही. जुन्या नकाशांमधल्या कुठल्याशा चुकीतून हे नाव आलं असावं, असं मानतात. हिर्टावर दोन हजार वर्षं तरी माणसांचा वावर होता, आणि पुढच्या काळातली वस्ती तर मुख्यतः पक्ष्यांवर जगली. १९३० साली उरलेली ३६ माणसं बेट सोडून गेली. पक्षी राहिले.

माणूस निघून गेल्यावर पक्ष्यांचं काय होतं, ते मला बघायचं होतं. निदान घरून निघताना तरी प्रश्न असाच वाटत होता.

दुपारी स्काय बेटावरच्या ऊइगहून हॅरिसमधल्या टार्बर्टला जाणारी मोठी फेरी धरली. पावणेदोन तासांचा प्रवास. डेकवर उभं राहवत नव्हतं इतका वारा, पण आत जायचं नाव आम्ही काढलं नाही, कारण बोटीच्या दोन्ही अंगांनी मॅन्क्स शिअरवॉटर चालले होते. पाठ काळी, पोट पांढरं. पंख ताठ धरून लाटेच्या उतारावरून घसरल्यासारखे जातात, एकदा काळे दिसतात, कूस बदलली की पांढरे. हिवाळ्यात हेच पक्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असतात आणि अंडं घालायला परत इथे येतात. भाचीने तीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं.

शुक्रवार

काल रात्री आठला फोन आला. वायव्येचा वारा आहे, लाटांचा फुगवटा मोठा आहे, उद्या बोट नाही. मन तयार ठेवलं होतं तरी चेहरा उतरलाच. हिर्टाला मोठी बोट लागेल असा धक्का नाही. मोठी बोट खाडीत नांगरून माणसांना छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरवतात. लाटा असल्या तर तिथवर जाऊनही नुसतं लांबून बघून परत यावं लागतं.

मग दिवसभर लस्केंटायरच्या किनाऱ्यावर बसलो. पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, आणि समोर गॅनेट.

गॅनेट मी चित्रांतून पुष्कळ पाहिला होता. चित्रात त्याचा आकार कळत नाही. पंख पसरले की जवळजवळ दोन मीटरांचा पक्षी. अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, डोकं हळदीत बोट फिरवल्यासारखं पिवळसर. तो वाऱ्यावर वर चढतो, मान खाली घालून पाणी वाचतो, आणि मग पंख मागे घेत घेत कोसळतो. पाण्यात शिरायच्या अगदी शेवटच्या क्षणी पंख पूर्ण मागे ओढून त्याचा नुसता बाण होतो. आपला खंड्या सूर मारतो तेव्हा पाण्याला चिमटा काढल्यासारखं वाटतं. इथे दगड पडल्यासारखं पाणी उसळतं आणि आवाज मागाहून कानावर येतो. तीस मीटर उंचीवरून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने पाण्यावर आदळायचं म्हणजे मान मोडायला हवी. याला बाहेरून नाकपुड्याच नाहीत, त्यामुळे पाणी आत घुसत नाही; शिवाय छातीवर आणि मानेवर कातडीखाली हवेच्या पिशव्या आहेत, त्या धक्का झेलतात.

दुपारनंतर एक गोष्ट लक्षात आली. मासे खाऊन झाले की हे पक्षी चार-पाचच्या रांगा करून एकाच दिशेला जात होते. पश्चिमेला.

"घरी चाललेत," भाची म्हणाली.

गॅनेट पिल्लाच्या घासासाठी शेकडो किलोमीटर जाऊन येतो, तेव्हा ऐंशी किलोमीटर त्याला काहीच नाहीत. आम्ही मात्र इकडेच होतो.

शनिवार

पाऊस. पुन्हा तोच फोन. जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाई गेलिक बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की गॅनेटच्या पिल्लाला इथे 'गुगा' म्हणतात. आणि उद्या रविवार, तेव्हा उद्याचं तर विचारूच नका. हॅरिसमध्ये रविवार अजून पाळतात.

खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं म्हणून मी भाचीला १७२७ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीच्या ऑगस्टात हिर्टाच्या लोकांनी तीन माणसं आणि आठ मुलं स्टॅक अन आर्मिन या सुळक्यावर पक्षी धरायला सोडली. काही दिवसांनी होडी त्यांना आणायला जायची होती. त्याच सुमाराला हिर्टावर देवी आल्या. गावात इतकी माणसं मेली की होडी वल्हवायला हात उरले नाहीत. सुळक्यावरच्या अकरा जणांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. समोर आठ-नऊ किलोमीटरवर आपलं बेट दिसतंय आणि होडी येत नाही. सबंध हिवाळा त्यांनी त्या खडकावर काढला. पक्षी, मासे, खडकाच्या खळग्यांतलं पावसाचं पाणी. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात बेटाच्या मालकाचा कारभारी वार्षिक खंड गोळा करायला आला तेव्हा त्यांची सुटका झाली. अकराच्या अकरा जिवंत होते.

"मुलं केवढी होती?"

मला ते माहीत नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "आपण दोन दिवस थांबलोय तर मी कुरकुरतेय."

रविवार

चाललो. रोडेलचं जुनं चर्च बाहेरून पाहिलं. वारा पडत गेला. संध्याकाळी साडेनऊला उन्हात समुद्र सपाट दिसायला लागला आणि कुणी काही न सांगता आम्ही दोघींनी पिशव्या भरायला घेतल्या. पिशव्या आधी पूर्ण रिकाम्या करून, झटकून, शिवणी तपासून. सेंट किल्डाला मोठे उंदीर, म्हणजे रॅट, नाहीत. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या पक्ष्यांच्या बेटावर एक गाभण उंदरीण पोचली की पुढचं सगळं संपलं, म्हणून तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने सामान असं तपासायचं असतं. बुटांचे तळ ब्रशने घासले. बर्ड फ्लूच्या साथीपासून त्याबद्दलही सगळे दक्ष असतात.

सोमवार

सकाळी आठला लेव्हरबराहून बोट सुटली. बारा प्रवासी. हॅरिसच्या सामुद्रधुनीतले खडक आणि पॅबे बेट मागे पडल्यावर खरा अटलांटिक सुरू झाला. शांत समुद्र म्हणजे काय ते इथे निराळं असतं: पाण्यावर फेस नाही, पण खालून एक लांबलचक, संथ श्वास चालू. बोट चढते, थांबते, उतरते. दोन जण आजारी पडले. मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून क्षितिजाला नजर लावून बसले.

दीड तासाने क्षितिजावर दात दिसले. दुसरा शब्द सुचत नाही. डोंगर दिसतो तेव्हा त्याला आधी पायथा असतो, मग चढ. इथे समुद्राच्या रेषेवर नुसते दात.

तीन तासांनी व्हिलेज बेमध्ये शिरलो. डून हे लांबट, करवतीसारखं बेट खाडीला आडोसा देतं. त्याच्या हिरव्या उतारावर बिळंच बिळं, आणि खाडीच्या पाण्यावर रंगीत चोचीचे पफिन पक्षी. शेकड्यांनी तरंगत होते. बोट जवळ गेली की घाईघाईने पंख मारत पाण्यावर धावायचे. काहींचं उडणं जमायचं, उरलेले बुडी मारायचे. एकाच्या चोचीत सँडईल नावाचे बारीक, चंदेरी मासे आडवे धरलेले होते, आठ-दहा तरी. जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात, त्यांत आधीचे मासे अडकवून ठेवून तो पुढचा पकडतो. ती रंगीत चोच फक्त विणीच्या हंगामातली असते. नंतर वरची रंगीत कवचं गळून पडतात. बीळ एक, अंडं वर्षाला एकच.

या सँडईलवर सगळं चाललंय. समुद्र तापत चालल्यापासून पक्ष्यांना ते पूर्वीसारखे वेळेवर आणि पोटभर मिळत नाहीत. खत आणि जनावरांचं खाद्य करण्यासाठी माणूसही वर्षानुवर्षं ते जाळ्याने उपसत आला. २०२४ च्या मार्चपासून स्कॉटलंडच्या समुद्रात ही मासेमारी बंद केली आहे. मला ती बातमी वाचून झालेला आनंद इथे, त्या भरलेल्या चोचीकडे बघताना, दुपटीने झाला.

रबरी होडीतून उतरलो. रेंजरबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या. बेट १९५७ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. निसर्ग आणि मानवी वारसा अशा दोन्ही कारणांनी युनेस्कोच्या यादीत असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक. त्यांनी थोडक्यात सांगितलं: मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, दगडी कोठारांवर चढायचं नाही, बॉन्क्सी नावाचा दांडगट पक्षी अंगावर आला तर हात वर करायचा, पळायचं नाही, आणि चार वाजता इथे. किनाऱ्याजवळच लष्कराच्या रडार केंद्राच्या इमारती आहेत. उन्हाळ्यात संशोधक असतात. पण या गावचं असं कुणी नाही.

गाव म्हणजे एक रस्ता. १८६० च्या सुमाराला बांधलेल्या सोळा घरांची कमानीसारखी रांग. काहींवर छप्पर घातलंय, बाकीच्यांच्या नुसत्या भिंती. आत चुलीच्या जागी पाटीच्या दगडावर त्या घरात शेवटी राहणाऱ्यांची नावं. २९ ऑगस्ट १९३० ला सकाळी ही माणसं 'हेअरबेल' या नौदलाच्या जहाजावर चढली. त्याआधी प्रत्येक घरात बायबल उघडून ठेवलं, शेजारी ओटच्या दाण्यांची छोटी रास ठेवली आणि दारं लावून घेतली. कुत्री नेता येत नव्हती. गळ्यात दगड बांधून ती याच खाडीत बुडवली. त्या दिवशी आठ वर्षांची असलेली रेचल जॉन्सन ही या बेटावर जन्मलेली शेवटची हयात व्यक्ती. ती २०१६ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी गेली.

भाचीने एका घराच्या आत पाऊल टाकलं आणि ओठांवर बोट ठेवून मला बोलावलं. भिंतीच्या फटीतून मुठीएवढा तपकिरी पक्षी बाहेर आला आणि त्याने असा काही गळा सोडला की बिनछपराचं घर भरून गेलं. सेंट किल्डाचा रेन. मुख्य भूमीवरच्या रेनपेक्षा हा अंगाने मोठा, चोचीने लांब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वेगळा आहे हे जाहीर झाल्यावर संग्राहक अंडी आणि कातडी न्यायला तुटून पडले, इतके की १९०४ मध्ये पार्लमेंटला या बेटासाठी वेगळा कायदा करावा लागला. तो वाचला. घरांमध्ये राहणारा इथला खास छोटा उंदीर मात्र माणसं गेल्यावर एक-दोन वर्षांतच नाहीसा झाला. माणसाच्या चुलीजवळच्या उबेवर आणि दाण्यांवर तो जगत होता.

गावाच्या मागे सगळ्या उतारावर क्लेट दिसतात. दगडावर दगड रचून, मातीचा गिलावा न करता बांधलेली, वर हिरवळीचं छप्पर असलेली कोठारं. साऱ्या पुंजक्यावर मिळून चौदाशेच्या वर आहेत. दगडांच्या फटींतून वारा आरपार जातो आणि पाऊस आत येत नाही. आत गॅनेट, फुलमार, पफिन टांगून वाळवायचे. मी एका क्लेटच्या दाराशी ओणवी झाले. आत एक सोए मेंढी कोकरू घेऊन बसली होती, अंगावरची लोकर आपोआप गळत असलेली. १९३२ मध्ये सोए बेटावरून १०७ मेंढ्या आणून इथे सोडल्या, त्यांचा हा वंश. गार वारा आत येत होता आणि त्या वाऱ्याला अजून तेलकट वास होता, की तो मला यायला हवा होता म्हणून आला, सांगता येत नाही.

इथल्या पुरुषांनी सकाळी रस्त्यावर जमून दिवसाचं काम ठरवायचं, बहुधा कुठल्या कड्यावर उतरायचं ते. घोड्याच्या केसांचे दोर, अनवाणी पाय. लग्न करू इच्छिणाऱ्या तरुणाने कड्याच्या टोकावरच्या दगडावर एका टाचेवर उभं राहून, पुढे वाकून तोल दाखवायचा अशी रीत होती. हे वाचताना मला ती धाडसाची हौस वाटली होती. कडे पाहिल्यावर कळलं की मुलीच्या बापाला जावयाच्या पायाची खात्री करून घ्यावीच लागत असणार.

ते कडे बघायला आम्ही गॅप नावाच्या खिंडीकडे चढलो. अर्ध्या वाटेवर बॉन्क्सी आला. ग्रेट स्कुआचं हे शेटलंडकडचं नाव. तपकिरी, जाडजूड, घारीएवढा. दुसऱ्यांच्या तोंडचे मासे हिसकावतो, पफिन मारून खातो. तो समोरून डोक्याच्या उंचीवर सरळ येत गेला. हात वर केला तसा हाताला वारा लावून निघून गेला. घरटं जवळ होतं. आम्ही वाट सोडून लांबून गेलो. अशा दांडगट पक्ष्याबद्दल जीव कळवळेल असं मला वाटलं नव्हतं. जगातले निम्म्याहून जास्त बॉन्क्सी एकट्या स्कॉटलंडमध्ये अंडी घालतात. २०२१ च्या उन्हाळ्यापासून बर्ड फ्लूने त्यांना गाठलं. पुढच्या गणतीत ब्रिटनमधले चारांतले तीन बॉन्क्सी गेलेले आढळले. चढावर आम्हाला तासाभरात तीनच दिसले. रेंजरबाई नंतर म्हणाल्या की पूर्वी या वाटेवर टोपी डोक्यावर राहत नसे.

गॅपमध्ये पोचलो आणि जमीन संपली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल, फक्त तिथे तळाशी जंगल असतं आणि इथे समुद्र. डावीकडे कॉनाखेरचा कडा, चारशे मीटरांहून उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच समुद्रकडा. आम्ही पोटावर झोपून पुढे सरकलो. हाताच्या अंतरावर हवेत फुलमार स्थिर होते.

स्थिरच. पंख न हलवता, वर येणाऱ्या वाऱ्यावर टेकून, ते काळ्या मऊ डोळ्यांनी आमच्याकडे बघत होते. एक इतका जवळ आला की चोचीवरची नळी दिसली; तिच्यातून तो समुद्रातून आलेलं जादा मीठ बाहेर टाकतो. नाव जुन्या नॉर्स भाषेतलं, अर्थ 'घाणेरडा कुरव', कारण घरट्याजवळ गेलात तर हा पोटातलं दुर्गंधी तेल पिचकारीसारखं उडवतो. हेच तेल सेंट किल्डाच्या लोकांचं दिव्याचं, औषधाचं आणि मालकाला द्यायच्या खंडाचं. १८७८ पर्यंत साऱ्या ब्रिटनमध्ये फुलमार फक्त इथे वीण घालत असे. ऑर्कनीतल्या एका अभ्यासाची दोन छायाचित्रं मी पाहिली आहेत: १९५१ मध्ये जॉर्ज डनेट नावाचा तरुण शास्त्रज्ञ हातात फुलमार घेऊन उभा आहे, आणि १९८६ मध्ये तोच माणूस, केस गेलेले, हातात तोच पक्षी. पक्ष्यात काही फरक नाही.

भाची माझ्या शेजारी पालथी होती. तिने एवढंच म्हटलं, "यांच्या पोटात प्लास्टिक असतं ना?"

असतं. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर मरून पडलेल्या फुलमारांची पोटं उघडून, आतलं प्लास्टिक तोलून समुद्र किती घाण झालाय ते ठरवतात. हा पक्षी पाण्यावर तरंगतं ते उचलतो. लाखो वर्षं तरंगणारी गोष्ट म्हणजे खाण्याची गोष्ट होती. त्या कड्यावर, साठ किलोमीटरमध्ये गाव म्हणावं असं काही नसताना, समोर झुलणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या पोटात आमच्या घरातलं काहीतरी असण्याची शक्यता होती. १९३० ला माणसं बेटावरून गेली खरी. पण तेव्हाची माणसं पक्षी मोजून नेत होती, त्यांना पुढच्या वर्षीही ते हवे होते. मी घरून निघताना घेतलेला प्रश्न इथे मोडला.

चारला होडीत बसलो. बोटीने नांगर उचलला आणि ईशान्येला बोरेरेची वाट धरली. सहा-सात किलोमीटर. लांबून स्टॅक ली हा सुळका पांढरा दिसतो. मला वाटलं ऊन पडलंय. जवळ गेल्यावर कळलं की तो रंग अर्धा विष्ठेचा आणि अर्धा पक्ष्यांचा आहे. बोरेरे, स्टॅक ली आणि स्टॅक अन आर्मिन मिळून साठ हजार जोड्यांच्या आसपास गॅनेट, असा २०१३ चा आकडा. आकडा वाचून काही होत नाही. आधी वास येतो, कोंबड्यांच्या खुराड्याचा आणि शिळ्या माशांचा मिळून. मग आवाज: हजारो घशांतली एकच खरखर, त्यात सूर नाही, खंड नाही. मग आपण मान वर करतो आणि आकाश हलत असतं. बोटीवर सावल्या सरकत होत्या. कुणी बोलत नव्हतं. कप्तानाने इंजिन हळू केलं आणि आम्ही स्टॅक लीच्या पायाशी झुलत राहिलो.

१७० मीटरांच्या घरातला सरळसोट खडक. प्रत्येक कंगोऱ्यावर, चोचीच्या अंतरावर चोच, बसलेले पक्षी. जोडीदार उतरला की दोघं माना उंचावून चोचीवर चोच घासतात, तलवारबाजीसारखी. काळसर कातडीची पिल्लं, काही पांढऱ्या पिसांच्या गोळ्यात. या खडकावर इथली माणसं रात्रीच्या अंधारात चढत. होडीतून दोर फेकायचा, लाट वर नेईल त्या क्षणी उडी मारायची. मी त्या काळ्या, शेवाळलेल्या पायथ्याकडे बघत होते, आणि आजचा समुद्र शांत होता.

वळसा घालून स्टॅक अन आर्मिन. १९६ मीटर, ब्रिटिश बेटांतला सर्वांत उंच समुद्रसुळका. हीच ती अकरा जणांची जागा. भाचीने दुर्बीण उतारावर फिरवली, ते कुठे राहिले असतील ते शोधत. आणि याच सुळक्यावर, १८४० च्या सुमाराला, ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला. न उडणारा, हंसाएवढा, पेंग्विनसारखा उभा राहणारा पक्षी. इथल्या माणसांनी तो धरला, तीन दिवस बांधून ठेवला, वादळ उठलं तेव्हा ही चेटकीण आहे असं ठरवून मारला. १८४४ मध्ये आइसलंडजवळ शेवटची जोडी मारली गेली आणि जगातून ग्रेट ऑक संपला. म्हणजे तेव्हाच्या माणसांनाही मी फार उंचावर बसवू नये. चेटकीण वाटून मारणाऱ्यांना निदान भीती वाटत होती, एवढंच मनात आलं.

कप्तानाने बोट वळवली. बराच वेळ गॅनेट आमच्या वर येत राहिले आणि मग एकेक करून मागे फिरले. परतीच्या तीन तासांत मी काही लिहिलं नाही.

रात्री अकराला, अजून उजेड असताना, भाची कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून बघत होती. सहाशे फोटो. मी झोपायला आले होते.

"मावशी, हा बघ."

बोटीच्या वरून जाणारा गॅनेट, मान किंचित वळवून खाली बघणारा. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो, भोवती गडद निळी कडा. त्या नजरेने तो पक्षी ओळखू येतो. याचा डोळा पूर्ण काळा होता. २०२२ मध्ये फ्लूने गॅनेटच्या वस्त्यांमध्ये हजारो पक्षी मेले. त्यानंतर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, बास रॉकवर, संशोधकांना काळ्या डोळ्यांचे गॅनेट दिसू लागले. तपासलेल्या अशा पक्ष्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात फ्लू होऊन गेल्याची खूण सापडली. म्हणजे हा आजारातून उठला होता, आणि या वर्षी पुन्हा सुळक्यावर येऊन बसला होता, कदाचित जुन्याच जोडीदाराकडे, कदाचित नव्या.

आम्ही तो फोटो पडदाभर करून ठेवला. मग तिने सगळे सहाशे फोटो पुन्हा पहिल्यापासून लावले. या वेळी फक्त डोळे बघायला.

मंगळवार

टार्बर्टहून सकाळची फेरी. समुद्र पुन्हा उठला होता. आज कुणी सेंट किल्डाला गेलं नसणार. शिअरवॉटर होते, पण आम्ही दोघी गॅनेटच्या मागे होतो. जवळून एखादा गेला की ती कॅमेरा उचलायची, मी दुर्बीण.

"निळा."

"निळा. हाही निळाच."

ऊइगचा धक्का दिसायला लागला तोवर सात झाले होते, सातही निळे. आठवा बोटीच्या अगदी कडेने वर चढला, क्षणभर थांबला, आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पाण्यात शिरला.